मरणाची बातमी सांगायला सगळ्यांत धाकट्यालाच का पाठवता?

मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक,
आणि राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे सर्व मा. अधिष्ठाता यांना,

स. न. वि. वि.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. आधी मेडिसिनचा वॉर्ड, मग कॅज्युअल्टी आणि शेवटची बरीच वर्षं एमआयसीयूची (मेडिसिनच्या अतिदक्षता विभागाची) इन्चार्ज सिस्टर, अशी तीन दशकांहून जास्त नोकरी झाली. इंटर्नच्या किती तुकड्या हाताखालून गेल्या याची मोजदाद ठेवली नाही. त्यांतले काही जण आज तुमच्याकडे विभागप्रमुख आहेत. सलाइन लावायला पहिली शीर कोणी शोधून दिली हे त्यांना विचारलंत, तर बरेच जण एखाद्या सिस्टरचंच नाव घेतील. तेव्हा हे पत्र कोणा बाहेरच्या बाईचं आहे असं समजू नका.

काही दिवसांपूर्वी, मी जिथे नोकरी केली त्या रुग्णालयात एका रुग्णाच्या मृत्यूनंतर गोंधळ झाला. शिवीगाळ झाली, दाराची काच फुटली, एका निवासी डॉक्टर मुलीला धक्काबुक्की झाली. लगेच बैठक बसली. रक्षक वाढवायचे, कॅमेरे वाढवायचे, वॉर्डाच्या तोंडाशी लोखंडी ग्रिल बसवायची, नातेवाइकांच्या पासची कडक तपासणी करायची, असे चार निर्णय झाले. माझ्या जुन्या सहकारी त्या बैठकीला होत्या. त्यांना मी एवढंच विचारलं, ‘त्या घरच्यांना आधी काय सांगितलं होतं? कोणी सांगितलं, केव्हा, कुठे उभं राहून?’ तो विषय बैठकीत निघालाच नव्हता. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट लिहिते. डॉक्टरवर हात उगारणारा माणूस गुन्हेगार आहे, त्याचं दुःख कितीही खरं असलं तरी. महाराष्ट्रात २०१० पासून त्यासाठी वेगळा कायदा आहे आणि तो वापरायलाच हवा. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, तेव्हा आम्ही सिस्टर्स मनाने त्यांच्याच बाजूला होतो. घाबरलेल्या इंटर्न मुलींना आत घेऊन ड्रेसिंग रूमची कडी लावून मीही उभी राहिले आहे. त्यानंतर सुरक्षा बलाचे जवान आले, त्यांचा उपयोग झाला, नाही म्हणत नाही. पण रक्षक उभा असतो दारावर. गोष्ट बिघडते ती त्याच्याही आधी, कॉरिडॉरमध्ये, दोन-चार वाक्यांत. ती वाक्यं कोणी बोलावी आणि कशी, हे शिकवण्याची जबाबदारी तुमची आहे. ती पार पडत नाही, हे मी सांगते आहे.

माझी पहिली तक्रार कामाच्या वाटणीबद्दल आहे. वॉर्डात काम अवघड झालं की ते वर जातं. इंटर्नला सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत नळी घालणं, जमत नसेल तर तो जेआर वनला (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला) हाक मारतो, तो अडला की जेआर थ्री (तिसऱ्या वर्षाचा) येतो, तरी नाही झालं तर लेक्चररला फोन लागतो. एकच काम असं आहे की ते वरून खाली घरंगळत येतं. रुग्ण वाचणार नाही, किंवा आत्ताच गेला, हे घरच्यांना सांगायचं असलं की निरोप येतो, ‘रिलेटिव्हना सांगून टाक.’ मग तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, रात्रभर जागा, गळ्यात स्टेथोस्कोप आणि हातात केस पेपर घेऊन दार उघडतो. बाहेर दहा-बारा जण उभे असतात. त्याला त्यांतला नवरा कोण, मुलगा कोण, गावचा पोलीस पाटील कोण, काही ठाऊक नसतं. युनिटचे प्रमुख सकाळी राउंडला येतात तेव्हा कॉट रिकामी झालेली असते आणि मावशींनी चादरही बदललेली असते.

तो मुलगा सांगतो कसं? मी दोन तऱ्हा पाहिल्या. एक म्हणजे धाडकन: ‘पेशंट एक्सपायर झाला, इथे सही करा.’ दुसरी तऱ्हा हुशार मुलांची. ते सुरुवातीपासून सुरू करतात. सेप्सिस होता, किडनी फेल होती, आयनोट्रोप लावूनही बीपी मेंटेन होत नव्हतं, मग अरेस्ट झाला, आम्ही सीपीआर दिला, रिव्हाइव्ह झाले नाहीत. सगळं खरं, सगळं क्रमाने. ऐकून झाल्यावर म्हातारी बाई हात जोडून विचारते, ‘बरं दादा, मग आता कसं आहे त्यांना?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आधीच्या वाक्यावरूनच मला तो येणार हे कळायचं. मुलगा माझ्याकडे बघायचा. मग ‘आजी, बसा इथे. बाबा गेले,’ हे मी सांगायचे. ते सांगण्याचा मला ना अधिकार होता, ना कोणी ते काम मला नेमून दिलं होतं.

आणखी एक तिसरी तऱ्हा आहे, ती मला सगळ्यांत जास्त खटकते. हृदय थांबलेलं आहे, बुबुळं पसरलेली आहेत, डॉक्टरला कळून चुकलं आहे. बाहेरचे विचारतात आणि त्याच्या तोंडून निघतं, ‘प्रयत्न चालू आहेत, ईसीजी काढून बघतो.’ त्याला फक्त थोडा अवधी हवा असतो, वरिष्ठ येईपर्यंत. पण त्या अर्ध्या तासात बाहेर फोनाफोनी होते. ‘डॉक्टर प्रयत्न करतायत, अजून आशा आहे.’ नाशिकहून चुलते निघतात, कोणी नवस बोलतं. मग अर्ध्या तासाने कळतं की माणूस केव्हाचाच गेलेला होता. अशा वेळी जो संताप उसळतो त्यात आपल्याला फसवलं ही भावना असते, आणि ती अगदीच खोटी नसते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आता अभ्यासक्रमात आहे. आहे, मला ठाऊक आहे. इंटर्न मुलांनीच मला ते पुस्तक दाखवलं. मेडिकल कौन्सिलने २०१८ साली ‘एटकॉम’ काढलं, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा अभ्यास. २०१९ साली प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून तो एमबीबीएसला सक्तीचा झाला. पहिल्या वर्षी मृतदेह हा आपला पहिला शिक्षक आहे हे त्यात शिकवतात. शेवटच्या टप्प्यावर मृत्यूला सामोरं कसं जायचं याचंही एक प्रकरण आहे. कागदावर उत्तम आहे, उपहासाने म्हणत नाही. ती पहिली तुकडी आता इंटर्नशिप संपवून बाहेरही पडली. प्रत्यक्षात काय होतं ते मुलांनाच विचारा. लेक्चर हॉलमध्ये दीडशे जणांसमोर स्लाइड दाखवतात, दोन मुलं पुढे येऊन नाटक करतात, बाकीचे हसतात. लॉगबुक परीक्षेच्या आधी एका बैठकीत लिहून होतं आणि सह्याही एका बैठकीत होतात. लेखी पेपरात त्यावर प्रश्न येतो, त्याचं उत्तर पाठ करता येतं. ‘रुग्णाच्या नातेवाइकांशी सहानुभूतीने बोलावे’ असं लिहिलं की मार्क मिळतात.

याच्या शेजारी नमुना ४ ठेवून बघा. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र कसं भरायचं हे आपण फॉरेन्सिकमध्ये शिकवतो, मुलांकडून भरून घेतो, तोंडी परीक्षेत विचारतो. ‘हृदय बंद पडलं’ हे मृत्यूचं कारण म्हणून लिहायचं नाही, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. कागदावर कारण अचूक लिहिणारा तो मुलगा, तेच कारण बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला सांगू शकत नाही. कारण पहिली गोष्ट आपण त्याच्याकडून करून घेतली आणि दुसरी फक्त ऐकवली.

आणि ती शिकवता येत नाही असं कृपया म्हणू नका. ‘हे ज्याच्या त्याच्या स्वभावात असतं’ हे वाक्य मी मोठ्या मोठ्या प्राध्यापकांकडून ऐकलं आहे. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली याच्या सहा पायऱ्या मांडल्या; जगभर त्या ‘स्पाइक्स’ या नावाने शिकवतात. जागा नीट निवडा आणि बसून बोला. घरच्यांना आतापर्यंत काय कळलंय ते आधी विचारा. त्यांना किती ऐकायचं आहे याचा अंदाज घ्या. मग साध्या शब्दांत सांगा. रडू येईल, राग येईल, त्याला वाट द्या, मध्ये बोलू नका. शेवटी पुढे काय करायचं ते ठरवा. यात असं काय आहे जे इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) शिकणाऱ्या पोराला शिकता येणार नाही?

आमच्याकडे मेडिसिनचे एक सर होते. त्यांनी ही पद्धत वाचली असणं शक्यच नव्हतं, ती निघायच्या आधीची गोष्ट. वाईट बातमी असली की ते हाउसमनला (वॉर्डातल्या कनिष्ठ डॉक्टरला) बरोबर घ्यायचे. कोपऱ्यातलं स्टूल ओढून घरच्यांसमोर बसायचे. पहिला प्रश्न नेहमी एकच, ‘तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?’ मग पाच-सात मिनिटं बोलणं, त्यातलं निम्मं समोरच्यांचं. हाउसमनने मध्ये अक्षर काढायचं नाही. बाहेर आल्यावर ते त्याला विचारायचे, ‘त्या बाईने दोनदा काय विचारलं?’ बहुतेकांना सांगता यायचं नाही. पुढच्या वेळी यायचं. दोन-तीन महिन्यांनी सर मागे उभे राहायचे आणि हाउसमन स्टुलावर बसायचा. ना स्लाइड, ना लॉगबुक. त्या युनिटमध्येही माणसं मरत होतीच, पण तिथे आवाज चढलेला मला आठवत नाही. (सर निवृत्त झाल्यावर ते स्टूलही कुठेतरी गेलं. फर्निचरची नोंदवही चोख असते आपल्याकडे, तरी.)

‘आतापर्यंत काय सांगितलंय’ हा प्रश्न सरकारी रुग्णालयात तर फारच मोलाचा आहे. आपल्याकडे येणारं माणूस सरळ घरून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय, तिथून १०८ ने आपल्याकडे. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, ‘पुढे न्या.’ का न्यायचं, तिथे नेऊन काय होणार आणि काय होणार नाही, हे कोणी बोललेलं नसतं. त्यामुळे मोठ्या दवाखान्याचं गेट दिसलं की घरच्यांना वाटतं, पोहोचलो, आता सुटलो. आपण ट्रॉली आत घेतो आणि पहिल्या दहा मिनिटांत ‘पेशंट सिरीयस आहे’ या कागदावर सही घेतो. ती सही आपल्या बचावासाठी असते, त्यांच्या समजण्यासाठी नाही. त्यांनाही ते कळतं. मग खरोखर शेवट जवळ आल्याचं सांगायची वेळ येते तेव्हा, ‘हे तर पहिल्या दिवसापासून असंच म्हणतायत,’ असं ती माणसं एकमेकांना सांगतात. आणि कोणाला सांगतो आपण? ‘जेन्ट्स कोणी आहे का?’ हा प्रश्न मी मुलींच्याही तोंडून ऐकला आहे. आठ दिवस कॉटखाली सतरंजी टाकून झोपलेली सून, लघवीची पिशवी रिकामी करणारी बायको, तिला बाजूला ठेवून आपण त्या सकाळी एसटीने आलेल्या मेव्हण्याला कोपऱ्यात नेतो. नंतर तो तिला जे सांगेल ते.

माझ्या घरचा एक अनुभव इथे लिहिते. माझा मोठा भाऊ एका खासगी रुग्णालयात गेला, यकृताच्या आजाराने. नाव लिहीत नाही, प्रश्न एका रुग्णालयाचा नाही. मी सिस्टर आहे हे तिथल्या तरुण डॉक्टरला कळलं होतं. तो मला लिफ्टपाशी भेटला आणि म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही फील्डमधल्याच आहात, तुम्हाला कळतंच. क्रिएटिनिन चार, एनकेफॅलोपॅथी ग्रेड फोर, फॅमिलीला तेवढं समजावून सांगा.’ आणि गेला. मुलगा वाईट नव्हता, त्याला मी सोयीची वाटले. मलाही त्या क्षणी कोणीतरी सांगायला हवं होतं, हे त्याच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. त्याला कोणी तसं शिकवलेलंच नव्हतं. वहिनीला मीच सांगितलं. ‘पण डॉक्टर काय म्हणाले?’ असं ती पुनःपुन्हा विचारत राहिली. ते मला तिला देता आलं नाही.

आता एक विरोधाभास बघा. मेंदूमृत रुग्णाच्या घरच्यांशी अवयवदानाबद्दल बोलायचं असेल, तर त्यासाठी प्रशिक्षित समन्वयक लागतो. १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली, त्या दुरुस्तीनुसार नोंदणीकृत रुग्णालयांना तो नेमावाच लागतो. त्यांचं काम मी जवळून पाहिलं आहे. वेगळ्या खोलीत बसतात, पाणी देतात, घाई करत नाहीत, आधी मृत्यू समजावतात आणि मगच दानाचा विषय काढतात. फार चांगलं काम आहे. पण याचा अर्थ असा झाला की घरच्यांशी नीट बोलायला शिकलेला माणूस आपण फक्त तेव्हाच पाठवतो, जेव्हा त्यांच्याकडून काही मिळण्यासारखं असतं. क्षयाने फुप्फुस झिजून गेलेल्या मजुराच्या बायकोच्या वाट्याला हाउसमन आणि लिफ्टची जागा.

मरू घातलेल्या माणसाला घरी नेऊ इच्छिणाऱ्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. आजोबांना स्वतःच्या ओसरीवर, तोंडात तुळशीपत्र ठेवून जाऊ द्यावं असं घरच्यांना वाटतं. यात वेडगळ काय आहे? पण केस पेपरवर ‘डामा’ लिहिलं जातं, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत अशी सही होते, आणि त्या शब्दाबरोबर आपली सगळी जबाबदारी संपते. वेदनेचं औषध नाही, चिठ्ठी नाही, कॅथेटर काढायचं की ठेवायचं तेही नाही. शेवटच्या तासांत काय होतं हे आपण त्यांना पाच मिनिटांत सांगू शकतो. श्वास थांबून थांबून येईल, घशात घरघर होईल, हातपाय गार पडतील. बळजबरीने पाणी पाजू नका, ठसका लागेल. ओल्या कापसाने ओठ ओले करा. कुशीवर वळवा. ते ऐकू येत असल्यासारखं त्यांच्याशी बोला. एवढं ठाऊक नसतं म्हणून ती माणसं रात्री दोन वाजता जीप करून पुन्हा आपल्याच दारात येतात, आणि आजोबा वाटेत जातात.

कायदा आपल्या पुढे निघून गेला आहे. मुंबईच्या केईएममधल्या आमच्याच व्यवसायभगिनी, हल्ल्यानंतर कित्येक दशकं शुद्धीवर न आलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवून मरू द्यावं का हा प्रश्न गांभीर्याने हाताळला. २०१८ साली घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, २०२३ साली त्याची प्रक्रिया सोपी केली. व्हेंटिलेटर काढायचा निर्णय आता उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांच्या मंडळाने, दुसऱ्या मंडळाच्या दुजोऱ्यासह आणि घरच्यांच्या संमतीने घ्यायचा आहे. संमती म्हणजे नुसती सही नव्हे ना? कोणीतरी बसून बोलणार, शंका ऐकणार, ‘मी बापाला मारतोय का’ या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणार, हे न्यायालयाने गृहीत धरलं आहे. तसं बोलू शकणारे किती जण तुमच्या महाविद्यालयातून बाहेर पडतात?

भाषेबद्दल थोडक्यात. पदव्युत्तरच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. राजस्थानची, तामिळनाडूची, आंध्रची हुशार मुलं येतात, येऊ द्यात. पण सुरगाण्याहून आलेल्या आजोबांशी किंवा कोरकू बोलणाऱ्या मेळघाटातल्या आईशी ती बोलणार कशी? मग ‘मामा, जरा यांना सांगा,’ असं म्हणत वॉर्डबॉयला दुभाषी करतात. एमबीबीएसच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषा आहे, निवासी डॉक्टरांसाठी अशी काही सोय मला तरी दिसलेली नाही.

आणि ही मुलं. पहिला मृत्यू सांगून आलेली एक इंटर्न लिनन रूममध्ये गठ्ठ्यांवर बसून रडत होती. पंधरा मिनिटांनी तोंड धुऊन पुढची ॲडमिशन घ्यायला गेली. तिला त्या दिवशी किंवा नंतर कोणी एका शब्दाने विचारलं नाही. अशी मुलं दोन वर्षांत टणक होतात. मग आपणच म्हणतो की हल्लीच्या डॉक्टरांना माणुसकी नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही.

१. विद्यापीठाने एमबीबीएसच्या अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेत आणि मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, भूल व अतिदक्षता या विषयांच्या पदव्युत्तर परीक्षेत वाईट बातमी सांगण्याचं एक प्रत्यक्ष स्टेशन (परीक्षेतला एक टप्पा) सक्तीचं करावं. समोर नातेवाईक म्हणून माणूस बसवावा आणि त्याच्याही मताला गुण असावेत. जे परीक्षेत करावं लागत नाही ते आपल्याकडे कोणी शिकत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

२. इंटर्न किंवा पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने एकट्याने मृत्यू सांगू नये. रात्रपाळीच्या ड्युटी चार्टवर त्यासाठी जबाबदार वरिष्ठाचं नाव लिहिलेलं असावं. त्याने यावं. धाकट्याने आधी बघावं, मग वरिष्ठासमोर बोलावं, मगच एकट्याने.

३. एमआयसीयू आणि कॅज्युअल्टीजवळ दार लागणारी एक खोली. चार खुर्च्या, पाण्याचा माठ. जागा नाही म्हणू नका. बंद पडलेल्या यंत्रांनी अडवलेल्या खोल्या मी तुम्हाला दाखवते.

४. समाजसेवा अधीक्षकांची रिकामी पदं भरा आणि त्यांना रात्रपाळीही द्या. माणसं कार्यालयीन वेळेत मरत नाहीत.

५. घरच्यांशी काय बोलणं झालं, कोणाशी, किती वाजता, कोण हजर होतं आणि त्यांनी काय विचारलं, याचं एक पान केस पेपरला जोडावं. शुश्रूषा करणारी व्यक्ती त्या बोलण्यात हजर होती का, हा रकाना त्यात हवाच.

६. बाहेरून आलेल्या निवासी डॉक्टरांना पहिल्या महिन्यातच वॉर्डातली मराठी शिकवा. व्याकरण नको, बोलणं शिकवा.

७. शेवटच्या दिवसांत घरी नेणाऱ्यांसाठी ‘डामा’ऐवजी वेगळा डिस्चार्ज ठरवावा. त्यात वेदनेचं औषध, घरी काय होईल आणि काय करायचं याचं मराठी पत्रक, आणि एक फोन नंबर असावा. टाटा रुग्णालयात २०१२ पासून उपशामक उपचारांत, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करण्याच्या शास्त्रात, एमडी करता येतं, केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षीचा. शिकवणारी माणसं राज्यात आहेत, त्यांना बोलवा.

८. रुग्णालयात मारहाण झाली की गुन्हा नोंदवाच. त्याबरोबर चौकशी समितीने हेही लिहून द्यावं की घरच्यांना बातमी कोणी, केव्हा आणि कुठे दिली. डॉक्टरला दोषी ठरवायला नव्हे. त्याला तिथे एकटं कोणी पाठवलं हे कळायला.

पहिल्या मागणीवर लगेच येणारा आक्षेप मला आताच ऐकू येतो: परीक्षेला नातेवाईक म्हणून बसायला माणसं कुठून आणायची? आम्ही निवृत्त सिस्टर्स येऊ. माझ्या ओळखीच्या सहा-सात जणींनी आत्ताच हो म्हटलं आहे, मानधन नको. जेवणाच्या सुट्टीत चहा मिळाला तर बरं. हजारो घरांचं रडणं आम्ही जवळून ऐकलंय; कोणत्या वाक्यानंतर कोणता प्रश्न येतो ते आम्हाला ठाऊक आहे. तो प्रश्न आम्ही तुमच्या मुलांना परीक्षेच्या खोलीत विचारू, तिथे चुकलं तरी चालतं. पुढच्या हिवाळी परीक्षेआधी अभ्यास मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते परिपत्रकाने जाहीर करा. बैठकीला बोलावलंत तर मी येईन, एसटीचं भाडं माझं मी भरेन.

कळावे,

आपली,
एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर